रविवारचा फ्लास्क : एकाच जिवाणूच्या दोन चाली

प्रयोगशाळा कोणती आणि माणसं कोण, हे इथे सांगितलेलं नाही. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. घडलं त्याचा क्रम आणि झालेल्या चुका मात्र तशाच ठेवल्या आहेत. त्यांतली एक चूक माझी आहे. मी तेव्हा शेजारच्या बेंचवर काम करत होतो, आणि प्रयोग माझा नसल्यामुळे सल्ले द्यायला अगदी मोकळा होतो.

पार्श्वभूमी

प्रयोग दिसायला साधा होता. ई. कोलाय जिवाणू, 50 मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये 10 मिलिलिटर माध्यम (जिवाणूंचं पातळ अन्न), 37 अंश सेल्सिअस तापमान, फ्लास्क शेकरवर सतत हलता. रोज सकाळी कालच्या फ्लास्कमधलं 0.1 मिलिलिटर पिपेटने उचलायचं, ताज्या 9.9 मिलिलिटर माध्यमात सोडायचं आणि कालचा फ्लास्क ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला, लावायचा. जिवाणू शंभरपट विरळ झाले की पुन्हा पहिल्याइतके व्हायला त्यांना 6.64 वेळा दुप्पट व्हावं लागतं. म्हणजे एका ट्रान्सफरला 6.64 पिढ्या. पंधरा ट्रान्सफर झाले की शंभर पिढ्या मोजायच्या.

पद्धत उत्क्रांतीचे अभ्यासक रिचर्ड लेन्स्की यांची. त्यांनी 24 फेब्रुवारी 1988 रोजी बारा फ्लास्क घेऊन असाच प्रयोग सुरू केला. तो अजून चालू आहे आणि त्याने 75 हजार पिढ्या केव्हाच ओलांडल्या आहेत. आमची उडी एवढी मोठी नव्हती. सहा फ्लास्क वर्षभर चालवायचे, वाढीचा वेग किती सुधारतो ते मोजायचं आणि एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातलं एक प्रकरण पूर्ण करायचं, एवढंच.

लेन्स्कींच्या पद्धतीत आम्ही एक बदल केला होता. त्यांच्या माध्यमात लिटरला 25 मिलिग्रॅम ग्लुकोज असतं, आम्ही 500 मिलिग्रॅम घातलं. कारण काय, तर जिवाणू किती वाढले हे माध्यमाच्या गढूळपणावरून मोजणारं आमचं जुनं फोटोमीटर कमी गढूळपणा धड वाचायचं नाही. उपकरणाच्या सोयीसाठी वीसपट ग्लुकोज! आपण यात काही निर्णय घेतोय असं तेव्हा कुणाच्याही मनात आलं नाही. माध्यम बनवण्याच्या कागदावर एक आकडा बदलला, बस.

एक गोष्ट मात्र आम्ही नीट उचलली होती, आणि पुढे तिनेच वाचवलं. सहापैकी तीन फ्लास्कमधले जिवाणू अरॅबिनोज ही साखर खाऊ शकत नव्हते, तीनमधले खाऊ शकत होते. बाकी दोघांत फरक नाही. टेट्राझोलियम हे रंग देणारं रसायन आणि अरॅबिनोज घातलेल्या घट्ट अन्नाच्या प्लेटवर न खाणाऱ्यांच्या कॉलन्या, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके, लाल येतात, खाणाऱ्यांच्या फिकट. फ्लास्क एक सोडून एक असे लावायचे, म्हणजे ट्रान्सफर करताना शेजारच्या फ्लास्कचा थेंब चुकून पडला तर प्लेटवरचा रंगच चुगली करतो.

अडचण

विसाव्या आठवड्यात तिसऱ्या फ्लास्कची प्लेट वेगळी दिसली. विद्यार्थिनीने ती उजेडासमोर धरली आणि मला हाक मारली. बहुतेक कॉलन्या नेहमीच्याच होत्या, लाल, गोल, तीनेक मिलिमीटरच्या. पण त्यांच्या मधूनमधून टाचणीच्या माथ्याएवढे लाल ठिपके होते. दहांत एखाददुसरा तरी असेल. प्लेट तिरकी केली की मोठ्या कॉलन्या ओलसर चमकायच्या, ठिपके मात्र कोरडे, मंद. तिने मागच्या आठवड्याची प्लेट काढली. ती 24 तासांनी मोजून बाजूला ठेवलेली, पण फेकायची राहून गेलेली होती. तिच्यावरही ठिपके होते. 24 तासांना ते डोळ्यांना दिसण्याइतके मोठे झालेले नव्हते, म्हणून मोजणीत कधी आलेच नाहीत.

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "भेसळ आहे. फ्लास्क फेक, फ्रीजरमधून मागचा नमुना उठव आणि पुढे चाल."

सल्ला अगदीच वेडगळ नव्हता. रोज झाकण उघडून पिपेट घालायचा, तेही वर्षभर, म्हणजे कधीतरी बाहेरचं काही शिरणारच. शिवाय पाठ्यपुस्तकातला नियम माझ्या बाजूने होता. एकाच अन्नावर, एकाच सारख्या हलत्या फ्लास्कमध्ये दोन प्रकार फार काळ एकत्र नांदत नाहीत. जो जास्त वेगाने वाढतो तो दुसऱ्याला पुसून टाकतो. ठिपके वाढीत मागे आहेत हे प्लेटवरच दिसत होतं. मग ते पाहुणेच असणार.

घाई होती ती घड्याळाची. रोजच्या ट्रान्सफरची वेळ तासाभरावर आली होती. विद्यार्थिनीच्या मार्गदर्शक मॅडमना फोन लावला. त्यांनी पहिला निर्णय दोन वाक्यांत दिला: "ट्रान्सफर नेहमीसारखा कर. पण जुना फ्लास्क फेकू नकोस, फ्रिजमध्ये ठेव." आज मागे वळून पाहताना या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय मला हाच वाटतो. खर्च काही नाही, आणि कुठलीच वाट बंद होत नाही.

तोललेले पर्याय

दुपारी आम्ही तिघं बसलो. समोर चार वाटा होत्या.

माझी वाट सांगितलीच: जुन्या नमुन्यापासून पुन्हा सुरुवात. ती मॅडमनी एका उदाहरणाने कापली. 2003 मध्ये लेन्स्कींच्या बारांपैकी एक फ्लास्क नेहमीपेक्षा खूप गढूळ झाला होता, तेव्हा तिथेही आधी भेसळच वाटली होती. तपासल्यावर कळलं की त्यांच्याच जिवाणूंनी माध्यमातलं सायट्रेट हवेच्या सान्निध्यात खायची क्षमता कमावली आहे, साधारण 31 हजार पिढ्यांनंतर. ई. कोलायला हे जमत नाही, ही त्या जातीची ओळखखूण मानली जाते. "न तपासता फेकलं असतं तर?" मॅडम म्हणाल्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरी वाट विद्यार्थिनीने सुचवली, थोडी चाचरत. एक मोठी कॉलनी उचलून त्यावरून फ्लास्क शुद्ध करायचा आणि प्रयोग पुढे न्यायचा. ऐकायला स्वच्छ वाटतं. पण कॉलनी म्हणजे एका पेशीची वंशावळ. वीस आठवड्यांत फ्लास्कमध्ये साचलेली सगळी विविधता एका पेशीतून गाळून घेतली की उत्क्रांतीचा प्रयोग तिथेच संपतो आणि नवा सुरू होतो. ही वाट लगेच बाद झाली. पण या वाटेचीच एक धाकटी बहीण आम्ही सुरुवातीपासून प्रयोगात पाळत होतो, आणि हे त्या दुपारी तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. त्याबद्दल पुढे येईलच.

तिसरी वाट दुर्लक्षाची. प्रश्न वाढीच्या वेगाचा आहे ना, मग पूर्ण फ्लास्कचा वेग मोजत राहा. मोहात पाडणारी वाट होती. पण दोन प्रकार मिसळलेले असले की मोजलेला वेग दोघांपैकी कुणाचाच नसतो.

चौथी वाट म्हणजे थांबून शोध घेणं. याची किंमत विद्यार्थिनीला मोजावी लागणार होती. वेळापत्रक तिचं, प्रबंध तिचा. मॅडमनी मुदत बांधली. तीन आठवडे. तेवढ्यात धागा सापडला नाही तर माझी वाट.

काय केलं

आधी स्वस्तातले प्रश्न. प्लेटवर गर्दी झाली की अन्न कमी पडून कॉलन्या लहान राहतात, तेव्हा पहिली शंका तीच. तोच नमुना आणखी विरळ करून पसरला. प्लेटवर साठेकच कॉलन्या, एकमेकींपासून लांब. तरी ठिपके ठिपकेच. मग ठिपका उचलून नव्या प्लेटवर रेघ ओढली, त्यातून एक कॉलनी घेऊन पुन्हा एकदा. दोन्ही खेपेला बारक्याचे बारकेच आले, म्हणजे गुण वंशातला आहे. रंग लाल, म्हणजे दोन्ही शेजारच्या फिकट फ्लास्कमधून आलेले नाहीत. राहता राहिली प्रयोगशाळेतली दुसरी एखादी ई. कोलाय. त्यासाठी आमच्या पूर्वजाच्या जीनोममधल्या दोन ओळखीच्या जागांचा क्रम वाचून घेतला. दोन्ही जुळल्या. आठवड्याभरात माझी भेसळ निकालात निघाली. बारके घरचेच होते.

आता मोठे आणि बारके वेगळे वाढवून वाढीचे आलेख काढले. ग्लुकोज असताना मोठे साधारण 57 मिनिटांत दुप्पट होत होते, बारके 60 मिनिटांत. फरक तीन मिनिटांचा.

इथे आम्ही एक आठवडा वाया घालवला. मॅडमना वाटलं, बारके काटकसरी असावेत: सावकाश वाढायचं, पण प्रत्येक ग्रॅम ग्लुकोजमागे जास्त पेशी करायच्या. 1967 मध्ये मॅकआर्थर आणि विल्सन यांनी मांडलेल्या आर आणि के निवडीच्या कल्पनेचं हे जिवाणू-रूप. एका बाजूला भराभर पिल्लावळ वाढवणारे, दुसऱ्या बाजूला टंचाईत टिकणारे. सुरेख कल्पना आहे, म्हणूनच ती कुठेही चिकटवायचा मोह होतो. शेवटचं उत्पन्न मोजलं. बारक्यांचं जास्त नव्हतंच.

खरं तर मोजण्याआधीही हे सुचायला हवं होतं. हलत्या फ्लास्कमध्ये अन्न सगळ्यांचं सामाईक असतं. मी जपून खाल्लं तर वाचलेलं माझ्या वंशाला मिळत नाही, शेजारचा अधाशी ते खातो. काटकसर निवडली जायची तर प्रत्येकाचं ताट वेगळं हवं. 2013 मध्ये लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जिवाणूवर नेमका असा प्रयोग झाला. तेलात तरंगणाऱ्या सूक्ष्म थेंबांमध्ये एकेक पेशी वेगळी कोंडून वाढवली, आणि तिथे सावकाश पण जास्त उत्पन्न देणारे प्रकार निवडले गेले. आमच्याकडे थेंब नव्हते, एकच पातेलं होतं.

मग विद्यार्थिनीने कागदावर एक हिशेब मांडला. मला तो प्रकरणाचा सांधा वाटतो, म्हणून पूर्ण देतो. ग्लुकोज साधारण सात-आठ तासांत संपतं. सात तास धरू. तेवढ्यात बारके 7 वेळा दुप्पट होतात, मोठे 7.37 वेळा. फरक 0.37 पिढीचा. 2 चा 0.37 वा घात म्हणजे 1.29. म्हणजे रोज मोठ्यांचं बारक्यांशी असलेलं प्रमाण 1.29 पट होतं. दहा दिवसांत सुमारे 13 पट. महिन्याभरात दोन हजार पटींच्याही पुढे. दहांत एक असलेले बारके महिन्याभरात प्लेटवर औषधालाही सापडू नयेत.

आणि ते तर दर प्लेटवर तितकेच सापडत होते.

म्हणजे चोवीस तासांत कुठेतरी ते रोजचं कर्ज फेडत होते. सात तास तोट्यात, तर उरलेले सतरा तास? आम्ही आलेख दहा तासांनी थांबवत होतो, कारण त्यानंतर रेघ सपाट होते आणि "पुढे काही होत नाही". तिने एक रात्र जागायचं ठरवलं. दर दोन तासांनी नमुना, दर नमुन्याची प्लेट. पहाटे चारच्या नमुन्याच्या वेळी ती स्टूलवर बसल्या बसल्या झोपली आणि टायमरने जागी झाली, असं वहीत लिहिलेलं आहे.

दोन दिवसांनी प्लेटी मोजल्या. पहिले आठ तास बारक्यांचा वाटा घसरत होता, हिशेबाप्रमाणे. आठव्या तासानंतर रेघ सपाट झाली, मोठे जिथल्या तिथे थांबले. आणि बारक्यांचा वाटा हळूहळू वर चढू लागला. सकाळपर्यंत तो आदल्या सकाळच्या पातळीला परत आला होता. हिशेबाला लागत होतंही थोडंच. फक्त अर्धी पिढी जास्त मिळाली तरी 2 चं वर्गमूळ, म्हणजे 1.41 पट, 1.29 चं कर्ज फिटून वर शिल्लक.

नंतरच्या सोमवारी सकाळी तिने सहज एक नमुना पसरला. बारके नेहमीच्या दुप्पट तरी दिसत होते. तिने विचारलेला प्रश्न मला शब्दशः आठवतो: "मॅडम, रविवारपण माध्यमातच धरायचा का?"

तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. सुरुवातीला दोन विद्यार्थी आलटून-पालटून रोज यायचे. तेराव्या आठवड्यानंतर त्यातला एक सोडून गेला. तेव्हापासून रविवारी ट्रान्सफर होत नव्हता, शनिवारचा फ्लास्क सोमवारपर्यंत तसाच हलत राहायचा. वहीत तारखा होत्या, पण दोन ट्रान्सफरमधले तास कुणी लिहिलेले नव्हते. भिंतीवरच्या तक्त्यावर पिढ्या मात्र दिवसाला 6.64 या दराने रविवारसकट चढत होत्या. वीस आठवड्यांच्या 930 पिढ्या लिहिल्या होत्या. प्रत्यक्षात ट्रान्सफर 140 नव्हे, 133 झाले होते. म्हणजे 883.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "चूक आहे, पण कामाची आहे."

आता प्रश्न नेमका झाला. आठव्या तासानंतर बारके खातात काय? ग्लुकोज मुबलक असताना वेगाने वाढणारा ई. कोलाय सगळा कार्बन पूर्ण जाळत नाही; त्यातला काही भाग अ‍ॅसिटेट म्हणून बाहेर टाकतो. ग्लुकोज संपलं की तेच अ‍ॅसिटेट परत आत घेऊन खाता येतं, पण त्यासाठी पेशीला यंत्रणा बदलावी लागते आणि त्यात वेळ जातो. दोन साखरांवर वाढणाऱ्या जिवाणूंची मधली ही थबकणी झाक मोनो यांनी 1941 च्या सुमारास दाखवली होती. आमच्या फ्लास्कमध्ये ग्लुकोज वीसपट, म्हणून बाहेर पडणारं अ‍ॅसिटेटही भरपूर. फोटोमीटरसाठी केलेली सोय बारक्यांच्या पथ्यावर पडली होती.

पण अंदाज सुटसुटीत आहे म्हणून तो खरा ठरत नाही. काटकसरीच्या कल्पनेने तेवढं शिकवलं होतं. दुसरी शक्यता उभी होती: बारके वाढत नसतील, फक्त कमी मरत असतील. 1993 मध्ये रॉबर्टो कोल्टर यांच्या गटाने दाखवलं होतं की दहा दिवस उपाशी राहिलेल्या ई. कोलायच्या कल्चरमधून असे प्रकार निघतात, जे उपासमारीत ताज्या पेशींवर मात करतात. दोन्ही शक्यता वेगळ्या काढायला दोन चाचण्या केल्या. एकीत मोठ्यांनी वाढून संपवलेलं माध्यम 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं आणि त्या उष्ट्या माध्यमात दोघांना वेगवेगळं सोडलं. बारके थोड्याच वेळात वाढू लागले. मोठेही वाढले, पण बऱ्याच तासांनी. दुसरीत नुसतं बफर, अन्न काहीच नाही, 48 तास. तिथे दोघांची संख्या सारखीच टिकली. म्हणजे फरक मरण्यात नव्हता, उष्टं खाण्यात होता. शेवटी फक्त अ‍ॅसिटेट घातलेलं माध्यम करून पाहिलं. तिथेही बारके आधी उठले.

असं पूर्वी घडलेलं आहे, हे तेव्हा आम्ही नीट वाचलं. 1987 मध्ये हेलिंग, वर्गास आणि अ‍ॅडम्स यांनी एकाच वंशाचा ई. कोलाय फक्त ग्लुकोजच्या केमोस्टॅटमध्ये, म्हणजे ताजं माध्यम सतत आत आणि जुनं सतत बाहेर जाणाऱ्या पात्रात, दीर्घकाळ वाढवला. तिथे अनेक प्रकार एकत्र राहिलेले दिसले, आणि त्यांना धरून ठेवणारा दुवा अ‍ॅसिटेटच निघाला. लेन्स्कींच्या बारांपैकी एका फ्लास्कमध्ये तर मोठ्या आणि लहान कॉलन्यांचे दोन वंश सहा हजाराव्या पिढीच्या आसपासपासून एकत्र आहेत: मोठा ग्लुकोजवर वेगवान, लहान त्याच्या उष्ट्यावर पटाईत. 2004 मध्ये ग्लुकोज आणि अ‍ॅसिटेट दोन्ही घातलेल्या माध्यमातही हीच विभागणी दिसली. चटकन अन्न बदलणारे पण ग्लुकोजवर मंद, आणि ग्लुकोजवर वेगवान पण बदलाला वेळ लावणारे. हे सगळं पहिल्या दिवशी वाचलेलं असतं तर "भेसळ" हा शब्द माझ्या तोंडून इतक्या ठामपणे निघाला नसता.

शेवटची कसोटी दोन भागांत केली. आधी मोठे आणि बारके 1:99, 50:50 आणि 99:1 अशा मिश्रणांत सोडले. जो कमी होता तो वाढला. दोन्ही टोकांकडून. याचं कारण समजायला अवघड नाही. बारके कमी असले की प्रत्येकाच्या वाट्याला भरपूर उष्टं येतं. बारकेच जास्त झाले की उष्टं टाकणारे कमी आणि खाणारे जास्त, मग नफा आटतो आणि सकाळचा तोटा तेवढा उरतो. एकटा टिकण्यात दोघांपैकी कुणालाच अडचण नव्हती, पण दुसऱ्याला पुरतं घालवणं एकालाही जमत नव्हतं.

मग फ्लास्क तीन वेळापत्रकांवर वाटले. पहिलं, रविवारसकट काटेकोर 24 तास. दुसरं, आमचं जुनं, आठवड्यातून एकदा 48 तास. तिसरं, ग्लुकोज संपत येतं त्याच वेळी, म्हणजे दर आठ तासांनी ट्रान्सफर. या तिसऱ्यासाठी तिघांनी पाळ्या लावल्या, मीही दोन आठवडे पहाटेची पाळी केली. सल्ल्याचं प्रायश्चित्त म्हणा.

निष्पत्ती

आठ तासांच्या फ्लास्कमधून बारके गेले. दिवसाला तीन वेळा तोटा आणि फेडायला वेळच नाही, तेव्हा काही दिवसांत प्लेटवर एकही ठिपका दिसेना. 48 तासांच्या रविवारी फ्लास्कमध्ये ते पूर्वीच्याच वाट्यावर राहिले. काटेकोर 24 तासांत मात्र मला वाटलं होतं तसं झालं नाही. माझी पैज होती की रविवार काढून घेतला की बारके संपतील. ते कमी झाले आणि एका खालच्या पातळीवर स्थिरावले. रविवार त्यांच्या फायद्याचा होता, पण ते रविवारवर अवलंबून नव्हते.

प्रबंधातलं प्रकरण बदललं. "वाढीचा वेग किती सुधारतो" हा प्रश्न मागे पडला, कारण वाढ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी भरल्या आहेत हे समोर आलं होतं: ग्लुकोज असताना किती वेगाने दुप्पट व्हायचं, ते संपल्यावर किती लवकर दुसऱ्या अन्नाकडे वळायचं, आणि काहीच नसताना किती टिकायचं. आमच्या फ्लास्कमध्ये पहिल्या दोन्हींत एकाच प्रकाराने बाजी मारलेली नव्हती. नेमक्या कोणत्या जनुकात काय बदललं, हे शोधायचं नाही असं मॅडमनी ठरवलं. जीनोम वाचून बदलांची यादी मिळाली असती, पण त्यातला कुठला बदल ही चाल घडवतो हे सिद्ध करायला आणखी एक वर्ष गेलं असतं. मला तो निर्णय तेव्हा भित्रेपणाचा वाटला होता. आता वाटत नाही.

तीन आठवड्यांची मुदत प्रत्यक्षात चार महिन्यांवर गेली. पण तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी रात्रभराचा आलेख हातात होता, म्हणून मुदत वाढवायला कुणाची हरकत नव्हती.

आज वेगळं काय केलं असतं

तासांचा रकाना. वहीत तारखेच्या शेजारी "मागच्या ट्रान्सफरपासून किती तास" हे आता लिहिलं जातं. ते पहिल्या दिवसापासून असतं तर भिंतीवरचा तक्ता चुकला नसता आणि सोमवारचा नमुना सहज म्हणून नाही, ठरवून घेतला गेला असता. प्लेटी 24 तासांनी मोजून लगेच न फेकता 48 तासांनी पुन्हा पाहणं हेही त्यातलंच. सावकाश वाढणारं जे काही आहे ते आमच्या मोजणीच्या पद्धतीनेच लपवलं होतं.

ग्लुकोजचा आकडा बदलताना एका माणसाने तरी विचारायला हवं होतं की यामुळे दिवसाचं रूप कसं बदलेल. फोटोमीटर बदलणं जमण्यासारखं नव्हतं, पण मोजायच्या नमुन्यासाठी जास्त लांबीची क्युव्हेट (नमुना धरायचं पारदर्शक पात्र) वापरून पाहता आली असती. आम्ही जिवाणूंचं जग बदललं आणि स्वतःला सांगितलं की आपण फक्त उपकरणाची अडचण सोडवली.

सर्वांत जास्त सलते ती फ्रीजरची गोष्ट. दर शंभर पिढ्यांनी ग्लिसरॉल घालून उणे 80 अंशाला नमुना ठेवायचा, हे आम्ही पाळलं होतं. पण जागा वाचवायला आणि नमुना "स्वच्छ" राहावा म्हणून पूर्ण फ्लास्कऐवजी प्लेटवरून एक "ठरावीक" कॉलनी उचलून तीच गोठवत होतो. त्या दुपारी बाद केलेल्या दुसऱ्या वाटेची धाकटी बहीण ती हीच. त्यामुळे बारके कधी उपजले, किती आठवडे मोठ्यांसोबत नांदले, हे मागे जाऊन पाहायची सोयच उरली नाही. प्रत्येक नळीत एकाच पेशीची संतती. विसाव्या आठवड्यापासून पूर्ण फ्लास्कचा नमुना गोठवायला लागलो, पण आधीचा इतिहास गेला तो गेला.

सगळाच गेला नाही, असं नंतर कळलं. पेटी नीट लावताना विद्यार्थिनीने तिसऱ्या फ्लास्कच्या जुन्या आठही नळ्या वितळवून पसरल्या. सात नळ्यांमधून मोठ्या कॉलन्या आल्या. "400" लिहिलेल्या नळीतून ठिपके आले. साठाव्या ट्रान्सफरची, म्हणजे नवव्या आठवड्याची नळी. सोडून गेलेल्या त्या विद्यार्थ्याने भरलेली. त्याची वही काढली. त्या दिवसाच्या नोंदीच्या समासात पेन्सिलने लिहिलं होतं: "प्लेट 48 तास राहिली. लहान एक. पुन्हा बघणे?"

तेव्हा रविवारी ट्रान्सफर होत होता.

ती नळी आता वेगळ्या पेटीत आहे. झाकणावर 400 च्या पुढे त्याचंच प्रश्नचिन्ह विद्यार्थिनीने मार्करने उतरवून ठेवलं आहे.